घरच्या शेडमध्ये स्पोर्ट्स कार बांधताय? या चुका टाळा

पहिल्यांदा गाडी शेडबाहेर काढून मोकळ्या प्लॉटवर चालवली, तेव्हा स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं. हात सैल सोडला की गाडी डावीकडे. टायरमधली हवा बघितली, टाय रॉड फिरवून टो (पुढची चाकं आतबाहेर किती वळलेली आहेत ते) नीट केला, पुढचे बुश बदलले. त्यात दोन आठवडे गेले. मग एका रविवारी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावली. डावी बाजू ६ मिलिमीटर आखूड निघाली. मागचा ॲक्सल तिरका होता, मागची चाकंच गाडी वळवत होती आणि मी औषधपाणी करत होतो पुढच्या चाकांना.

ॲक्सल मी तिरका बसवला नव्हता. तो ज्या चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, बसला तीच एका बाजूनं आखडली होती, तीही आठ महिन्यांपूर्वी, वेल्डिंगच्या एका रात्रीत. घरी गाडी बांधताना सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. चूक होते त्या दिवशी दिसत नाही, आणि दिसते तेव्हा तिच्यावर इंजिन, वायरिंग, पत्रा सगळं चढलेलं असतं. म्हणून गाडीत काही बिघडलं की आधी ‘हे मी कोणत्या दिवशी केलं?’ असं विचारायची सवय लावून घ्या.

माझी गाडी साध्या घाटाची आहे. १९५७ मध्ये इंग्लंडात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनं ‘सेव्हन’ नावाची दोन सीटची उघडी, हलकी गाडी काढली. चौकोनी पाईपची चासी बांधून घरी गाडी करणारे जगभर त्याच घाटाच्या मागे जातात, कारण त्यात गोलाई कमी आणि पाईपकाम जास्त. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल मी एका जुन्या ओम्नीचा घेतला. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि मागच्या चाकांना शाफ्टनं ड्राइव्ह, त्यामुळे पुढे इंजिन ठेवून मागची चाकं फिरवायला फार खटाटोप नाही. मारुती ८०० स्वस्तात मिळते, पण तिचा ड्राइव्ह पुढच्या चाकांना. तिचं इंजिन पाठीमागे टाकायचं तर उलटं फिरवून बसवू नका, जसं आहे तसंच मागे सरकवा. फिरवलंत तर चार गिअर रिव्हर्सचे आणि एक पुढचा अशी गत होते.

रस्त्यावर चालेल असं धरून सुरुवात करू नका

ही चूक महागात पडते, म्हणून हातात पाना घेण्याआधीच सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर व्हावा लागतो, आणि तो खर्च एका माणसाच्या आवाक्यातला नाही. जुन्या गाडीचा नंबर नव्या चासीला लावणं किंवा चासी नंबरचा तुकडा कापून इकडे जोडणं हा तर सरळ गुन्हा.

२०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं घरी बांधलेली किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं आणि लगेचच असंही लिहिलं की नियमात बसत नसल्यानं ती आज ना उद्या अडवली जाईल. त्यांनी बदल्यात बोलेरो दिली. कौतुक आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली गाडी आपल्या शेतात, मालकाच्या परवानगीनं मोकळ्या जागेत किंवा ट्रॅकवर, आणि तिथवर टेम्पोत घालून, हे आधीच मान्य करा. आमच्या सोलापुरातल्या होटगी रोडवर एक चक्कर मारून बघू, हा मोह मनात सुद्धा आणू नका.

फरशीवर विश्वास ठेवला, ती चूक

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. मागच्या बाजूला चादरींच्या मागांची जुनी शेड आहे, माग गेले आणि जागा रिकामी पडली. शहाबादी फरशी, डोळ्याला सपाट. मी सरळ फरशीवर खडूनं रेघा मारल्या आणि पाईप मांडायला घेतले.

पुढे ब्रेक मारून बघताना पुढचं डावं चाक प्रत्येक वेळी आधी लॉक व्हायला लागलं. कॅलिपर खोलला, पॅड बदलले, फरक नाही. शेजारचे काका आयुष्यभर मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे मिस्त्री, होते. त्यांनी ब्रेककडे बघितलंच नाही. म्हणाले, “पाण्याची नळी आण.” पारदर्शक नळीत पाणी भरून आम्ही चारही कोपरे तपासले. मोरीकडचा कोपरा १४ मिलिमीटर खाली. मग त्यांनी फरशीवरचे जुन्या मागाच्या पायांचे डाग दाखवले. “इथं पाचरी होत्या बघ. तुझ्या आजोबांना ठाऊक होतं की फरशी उतरलीय. माग लेव्हलला नसला तर कापड तिरकं येतं.” एका डागाजवळ लाकडी पाचरीचा काळा पडलेला तुकडा अजून फटीत अडकलेला होता. मी आठ महिने त्यावरून ये-जा करत होतो.

एक कोपरा उतरलेल्या फरशीवर बांधलेली चासी पिळलेली निघते. पिळलेल्या चासीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन चाकांवर वजन जास्त पडतं, उरलेल्या दोनांवर कमी. हलकं चाक ब्रेकला आधी लॉक होतं. तपासायचं असेल तर मार्केट यार्डात कांद्याची पोती तोलतात तसले दोन काटे भाड्यानं आणा, ते पुढच्या दोन चाकांखाली ठेवा, मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीचे ठोकळे द्या, सीटवर माणूस बसवा आणि दोन्ही आकडे बघा. माझ्याकडे १९ किलोंचा फरक होता. शॉकअपच्या स्प्रिंगची बैठक वरखाली करून मी तो ४ किलोंवर आणला, पण तो उपाय वरवरचा. मुळात करायचं ते एवढंच: लोखंडी अँगलचं किंवा जाड प्लायचं टेबल करा, पाचरी देऊन पाण्याच्या नळीनं लेव्हल करा आणि मधोमध सुताची दोरी ताणा. चासीचं प्रत्येक माप त्या दोरीपासून घ्या, फरशीपासून नाही.

एका रात्रीत वेल्डिंग

आता त्या आखडलेल्या डाव्या बाजूची गोष्ट. २५ मिलिमीटरचा चौकोनी पाईप, जाडी १.६. टॅक (वेल्डिंगचे छोटे तात्पुरते टाके) मारून झाले, दोन्ही कर्ण मापले, बरोबर आले. सीओटू मशीन (वेल्डवर गॅस सोडत वेल्डिंग करणारं) भाड्याचं, सकाळी परत द्यायचं होतं. म्हणून रात्री बसलो आणि डावी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात पक्की केली, मग उजवी. वेल्ड थंड होताना आकसतो आणि पाईपला सोबत ओढतो. जी बाजू आधी पक्की झाली ती मोकळेपणी आकसली, दुसरीला ती धरून बसली. सकाळी मी कर्ण पुन्हा मापले नाहीत.

बरोबर पद्धत कंटाळवाणी आहे, पण दुसरी नाही. सगळी चासी आधी फक्त टॅकवर उभी करा. मग एक जोड डावीकडे पुढे, पुढचा उजवीकडे मागे, असं उड्या मारत जा. चार जोड झाले की थांबा, हात लावण्याइतकं थंड होऊ द्या, दोन्ही कर्ण मापा आणि आकडे भिंतीवर लिहा. फरक २ मिलिमीटरच्या वर गेला तर तिथेच थांबून दुरुस्त करा. शिवाय मागचे लिंक, म्हणजे ॲक्सलला चासीशी धरणारे दांडे, दोन्ही टोकांना आटे असलेले ठेवा, म्हणजे ॲक्सल पुढेमागे करून सरळ करता येतो. मी हे नंतर केलं आणि गाडी सरळ चालायला लागली.

सोलापुरात आणखी एक गोष्ट आडवी येते, उन्हाळा. एप्रिलात शेडमध्ये उभं राहवत नाही, म्हणून मी कूलर माझ्याकडे तोंड करून लावला होता. वरून वेल्ड ठीक दिसला. शॉकअपच्या ब्रॅकेटवर ग्राइंडर फिरवला तर आत भाकरीला पडतात तशी जाळी. टाचणी जाईल एवढाली भोकं, एकापाठोपाठ एक. कूलरच्या वाऱ्यानं वेल्डवरचा गॅसच उडून जात होता आणि हवा आत शिरत होती. त्या एप्रिलात मारलेले सगळे जोड मी घासून काढले आणि नव्यानं भरले. वेल्डिंग पहाटे पाच ते आठ करा, पंखा आणि कूलर बंद. साध्या आर्कनं करत असाल तर ३.१५ चा रॉड इतक्या पातळ पाईपला भोक पाडतो, २ किंवा २.५ चा घ्या. आणि पाण्याच्या लाईनीचा जीआय पाईप स्वस्त मिळतो म्हणून वापरू नका. त्यावरच्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आणि जोडही कच्चा राहतो.

चासीत नुसते चौकोन ठेवू नका. काडेपेटीचं बाहेरचं टरफल दोन बोटांत दाबून बघा, कसं तिरकं होतं. त्यात एक तिरपी काडी अडकवून पुन्हा दाबा. इंजिनच्या आणि पायाच्या बाजूच्या प्रत्येक मोठ्या चौकोनाला असा एक तिरपा पाईप हवाच. इंजिन वरून काढता यावं म्हणून एखादा सोडावाच लागला, तर तो कायमचा न सोडता बोल्टनं बसणारा करा.

ब्रेक आणि स्टिअरिंग: इथे जुगाड नाही

एसीचा तांब्याचा पाईप सहज वाकतो, सोलापुरात गल्लोगल्ली मिळतो, म्हणून ब्रेकला टाकलेला मी स्वतः पाहिला आहे. तांबं थरथरून कडक होतं आणि तोंडाजवळ चिरतं. गाडीसाठीचाच स्टीलचा ब्रेक पाईप घ्या आणि त्याला दुहेरी तोंड करून घ्या. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ चंच घ्या, इंजिन ऑइलसारखं खनिज तेल टाकलं तर आतली रबरं फुगतात.

बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा डबा) काढला की पेडल दगडासारखं लागतं. अशा वेळी पेडलचा दांडा बघा: बिजागरीपासून पावलापर्यंतचं अंतर, भागिले बिजागरीपासून पुशरॉडपर्यंतचं (मास्टर सिलिंडर दाबणारी कांडी). बूस्टरशिवाय हे गुणोत्तर सहाच्या आसपास लागतं. ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होत असतील तर गाडी गरकन फिरते. जुन्या गाडीचे ब्रेक त्या गाडीच्या वजनासाठी बसवलेले असतात, तुमच्या गाडीत ते वजन हललेलं असतं. मागच्या लाईनला दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह बसवा. आणि मास्टर सिलिंडरचा दाब पत्र्यावर पडू देऊ नका, मागे पाईप हवा.

स्टिअरिंगचा कोणताही भाग कापून वेल्ड करू नका. टाय रॉड, आर्म, शाफ्ट, काहीही. लांबी जमत नसेल तर रॅकची (टाय रॉडना डावीउजवीकडे ढकलणाऱ्या दांड्याची) जागा बदला. खड्ड्यात गेल्यावर स्टिअरिंग आपोआप झटका देत असेल, तर टाय रॉडची आतली टोकं खालवरच्या आर्मच्या बिजागऱ्यांच्या रेषेत नाहीत असं समजा. स्प्रिंग काढा, चाकाला सरळ फळी बांधा आणि जॅकनं चाक वरखाली करा. फळीचं पुढचं टोक आतबाहेर हललं तर रॅक वर किंवा खाली सरकवावा लागेल. शिम (पातळ चकत्या) घालत घालत मला यात चार रविवार लागले, आणि सगळ्या बांधणीत तेच चार रविवार मला सर्वांत कामी आले.

बोल्ट डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा छापलेलेच घ्या. सस्पेन्शनमध्ये चकाकणारे स्टेनलेसचे नकोत. जिथे नट सुटला तर चाक सुटेल, तिथे नायलॉक नट किंवा स्प्लिट पिन.

गाडी तापते, म्हणून थर्मोस्टॅट काढू नका

आपल्याकडे मेमध्ये पारा ४३-४४ ला जातो, आणि गाडी तापली की पहिला सल्ला मिळतो, “आतला वॉल काढून टाक.” हा वॉल म्हणजेच थर्मोस्टॅट. काढू नका. बहुतेक वेळा दोष दोन ठिकाणी असतो. एक, पाण्यात अडकलेली हवा. नव्या गाडीत रेडिएटरचे पाईप मनासारखे वळवलेले असतात आणि सगळ्यात उंच वळणात हवा बसते. त्या जागी एक छोटा स्क्रू बसवा, इंजिन चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत तो उघडा ठेवा. दोन, रेडिएटरमध्ये हवा शिरते पण बाहेर जायला वाट नसते. बॉनेटला मागच्या बाजूनं जाळी द्या. आणि बोअरचं खारं पाणी टाकू नका, शिरांत क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

जिवाच्या गोष्टी

जुनी पेट्रोल टाकी वेल्ड करायला घेऊ नका. धुतली, वाळवली, वर्षभर रिकामी होती, तरीही नाही. आत राहिलेल्या वाफेनं ती फुटते. नवी टाकी घ्या आणि ती व तुमची पाठ यांच्यामध्ये पत्रा ठेवा. गाडीखाली नुसत्या जॅकवर किंवा विटांवर जाऊ नका, घोडे (लोखंडी स्टँड) लावा. शटर बंद करून इंजिन चालू ठेवू नका. पावडरचं अग्निशामक दाराजवळ ठेवा, गाडीमागे नाही.

वायरिंग कापायची घाई नको. जुना हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, अख्खा काढा, प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि गाडी चालू झाल्यावरच नको त्या वायरी काढा. इंजिन मधूनच बंद पडत असेल तर आधी अर्थिंगची वायर बघा: ती रंग घासून उघड्या लोखंडावर बसलेली हवी.

आणि रंग सगळ्यात शेवटी. गाडी उघड्या लोखंडात जोडा, चालवा, सगळं पुन्हा सुटं करा, मग रेड ऑक्साइड. मी आधी रंगवली होती, आणि ब्रॅकेट बदलताना तो रंग सहा ठिकाणी जाळला.

पहिल्या दिवशी निघण्यापूर्वी प्रत्येक नट पान्यानं आवळा आणि नटापासून पट्टीवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पाच किलोमीटर चालवा आणि खाली बघा. मग वीस, मग पुन्हा बघा. माझ्या गाडीत वीस किलोमीटरनंतर दोन रेघा तुटलेल्या होत्या, दोन्ही डाव्या मागच्या लिंकवर.