ब्रिटनमध्ये वेपच्या मदतीने सिगारेट कशी सोडावी

सिगारेटची सवय लावते ते निकोटीन; परंतु कर्करोग आणि फुप्फुसांचे विकार ओढवतात ते मुख्यतः तंबाखू जळताना निघणाऱ्या विषारी धुरामुळे. वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, काही जळत नाही, निकोटीनयुक्त द्रव तापून त्याची वाफ होते, म्हणून ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एनएचएस प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना हा पर्याय सुचवते. वेप निर्धोक मात्र नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने वेपच्या वाटेला जाऊ नये.

खरेदीपूर्वी आपल्या भागातील धूम्रपानमुक्ती सेवेशी संपर्क साधावा. इंग्लंडमध्ये ती मोफत आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, अशा सेवांमधील ८८६ जणांच्या चाचणीत वर्षअखेरीस सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण वेप वापरणाऱ्यांत १८ टक्के, तर निकोटीनचा पॅच (त्वचेवरची पट्टी), गम (चघळायची गोळी) अशी साधने वापरणाऱ्यांत ९.९ टक्के होते. दोन्ही गटांना समुपदेशन मिळत होते, हे विसरू नये. गरोदर स्त्रियांनी, तसेच क्लोझापिन (मनोविकारावरचे औषध) किंवा थिओफायलिन (दम्यावरचे औषध) घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण धूर बंद झाला की या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते.

उपकरण पुन्हा भरता येणारे घ्यावे. एकदा वापरून फेकायच्या वेपची विक्री १ जून २०२५ पासून तेथे बंद आहे. सर्वाधिक चुका द्रवाच्या तीव्रतेत होतात. रोज पाकीटभर ओढणारा माणूस भीतीपोटी सौम्य द्रव घेतो, तलफ भागत नाही आणि चौथ्या दिवशी पुन्हा सिगारेट पेटवतो. अशा माणसाने सुरुवातीला कायद्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेजवळचे, म्हणजे मिलिलिटरला १८ ते २० मिलिग्रॅमचे द्रव घेतले तरी चालते; थोड्या ओढणाऱ्याने कमी घ्यावे.

नवी कॉइल (द्रव तापवणारी तार) बसवून टाकी भरल्यावर दहा मिनिटे थांबावे. आतला कापूस पुरता भिजला नाही, तर पहिल्याच झुरक्याला करपलेली चव घशाशी येते आणि कॉइल वाया जाते. झुरका सिगारेटसारखा जोरात व आखूड नको, तीन-चार सेकंदांचा, संथ हवा. घसा कोरडा पडतो, तेव्हा पाणी जवळ ठेवावे.

आता एक दिवस ठरवून उरलेली पाकिटे, लायटर, ॲशट्रे घराबाहेर काढावेत. काही दिवस दोन्ही चालले तरी हरकत नाही, पण सकाळच्या चहाबरोबरची एकच सिगारेट म्हणून राखून ठेवलेली सवय मला सर्वांत घातक वाटते, कारण रोजच्या एका सिगारेटनेही हृदयविकाराचा धोका बराच राहतो. तो कप हातात घेण्याआधीच वेप जवळ असू द्यावी.

वेप सोडण्याची घाई करू नये. सिगारेटची ओढ संपल्याची खात्री पटली, की द्रवाची तीव्रता पायरीपायरीने उतरवावी, दोन झुरक्यांमधले अंतर वाढवावे. तलफ उसळली तर मागच्या पायरीवर यावे, सिगारेटकडे नव्हे. द्रवाची बाटली मुलांच्या हाती कदापि लागू देऊ नये, निकोटीन पोटात गेल्यास विषबाधा होते.

सुट्टीत भारतात येताना वेप सोबत आणू नये. २०१९ च्या कायद्यानुसार ई-सिगारेटची आयात व विक्री हा गुन्हा असून पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्या दिवसांसाठी निकोटीनचा पॅच किंवा गम किती लागेल, हे समुपदेशकाला निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.