क्रँकमधील झिजलेले पायलट बुश काढताना या चुका टाळा

अ‍ॅम्बॅसडरचे इंजिन पूर्ण उघडून बांधायला घेतले की सारे लक्ष पिस्टन, रिंगा आणि मेन बेअरिंगकडे जाते. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकात बसलेले छोटेसे पायलट बुश, म्हणजे क्लच शाफ्टच्या (गिअरबॉक्समधून पुढे येणाऱ्या दांड्याच्या) टोकाला आधार देणारी नळी, मात्र शेवटच्या दिवसापर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि मग ते घाईघाईने, हाताला लागेल त्या छिन्नीने उपटले जाते. हा लेख १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनाविषयी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीज घराण्यातल्या इंजिनाविषयी आहे. नंतर आलेल्या इसुझूच्या १.८ लिटर इंजिनाची गोष्ट निराळी. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. बुश आजही नवे करून घेता येते, पण ते ज्या भोकात बसते तो क्रँक एकदा बिघडला की चांगला दुसरा शोधत फिरावे लागते, हे काम सुरू करण्यापूर्वीच मनात पक्के असावे.

पहिली चूक निदानात होते. क्लचचे पेडल सोडलेले असते तेव्हा क्रँक आणि क्लच शाफ्ट एकत्र फिरतात, त्यामुळे बुशावर घर्षण नसते; पेडल दाबून गाडी गिअरमध्ये उभी केली की क्रँक फिरतो, शाफ्ट थांबतो, आणि तेवढ्याच वेळात बुश झिजते. म्हणून न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारा आणि पेडल दाबताच नाहीसा होणारा आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा असतो, पेडलवर नुसता पाय टेकताच सुरू होणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा असतो. क्लच व्यवस्थित सुटत असूनही रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, तर कोरडे पडलेले बुश शाफ्टला धरून फिरवत असण्याची शक्यता मोठी असते. इंजिन उघडलेलेच असेल तर बुश तसेही बदलावे, कारण नंतर त्याच्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

काढण्यापूर्वी बुश क्रँकच्या तोंडापासून किती आत आहे ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवावे. जुने बुश बाहेर आल्यावर ही नोंद मिळवायला दुसरा मार्ग उरत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक छिन्नीची. बुश मऊ काशाचे असल्यामुळे छिन्नी ते सहज कापते आणि क्षणात पोलादी भोकाच्या भिंतीवर पोहोचते. तिथे उठलेला एक ओरखडासुद्धा नव्या बुशाला वाकडे बसवतो किंवा सैल ठेवतो. गॅसची ज्योत लावणे तर टाळावेच. काशाचे बुश पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून क्रँक आणि बुश मिळून तापवल्यावर पकड उलट घट्ट होते.

योग्य मार्ग मागून ढकलण्याचा आहे. बुशामागची पोकळी ग्रीसने पूर्ण भरावी आणि बुशाच्या भोकात घट्ट सरकेल अशा मापाचा गुळगुळीत पोलादी दांडा घालून त्यावर हातोडीचा ठोका द्यावा. ग्रीस दाबून लहान होत नाही, त्यामुळे ठोक्याचा जोर बुशाच्या मागच्या कडेवर पडतो आणि ते बाहेर सरकते. ही युक्ती फसते ती दोन कारणांनी: ग्रीस भरताना आत हवेचा फुगा राहतो, किंवा दांडा सैल असल्याने ग्रीस बाजूने पिचकारीसारखे उडते. लेथवर दांडा नेमक्या मापाचा करून घ्यावा, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाशी फडके ठेवावे, आणि दर तीन-चार ठोक्यांनी पुन्हा ग्रीस भरावे. सुरुवातीला ठोक्याचा आवाज मऊ, बसका येतो; पोकळी खरोखर भरली की तो कडक होतो, आणि मग बुशाची कड नखाला लागेल इतकी वर आलेली दिसते. ग्रीस गळतच राहिले तर भिजवून कुटलेल्या वर्तमानपत्राचा लगदा भरावा, कारण तो फटीतून निसटत नाही.

तरीही बुश हलले नाही तर त्याच्या भोकात टॅपने आटे पाडून बोल्ट पिळावा. बोल्टचे टोक तळाला टेकले की बुश आट्यांवरून वर चढते. मात्र तळाशी आधी लोखंडी चकती टाकावी, नाहीतर बोल्ट क्रँकमध्येच रुततो. करवतीच्या पात्याने बुश चिरणे हा शेवटचा उपाय, आणि तोही पिवळा भुसा पडतोय तोवरच. भुशात करडी चमक दिसताच हात थांबवावा.

एका क्रँकमध्ये मला एकामागे एक अशी दोन बुशे सापडली. आधीच्या मिस्त्रीने जुने आत ठोकून त्यावर नवे बसवले होते, आणि क्लच शाफ्टचे टोक आतल्या बुशावर घासून एका बाजूने चपटे झाले होते. म्हणून बुश निघाल्यावर टॉर्चच्या उजेडात तळ पाहावा, पोकळीतला ग्रीसचा कण न् कण पुसून घ्यावा, कारण उरलेले ग्रीस पुढे क्लच प्लेटवर उडते. शाफ्टच्या टोकाला खाच पडली असेल तर नुसते बुश बदलून काही साधत नाही.

नवे बुश सच्छिद्र काशाचे असते आणि तेल स्वतःतच साठवते. ते २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. घाई असेल तर एक टोक अंगठ्याने बंद करून बुश तेलाने भरावे आणि दुसऱ्या अंगठ्याने जोरात दाबावे. बाहेरच्या अंगावर घामासारखे तेलाचे थेंब फुटले की ते तयार समजावे. आत ग्रीस लावू नये, रीमरही (भोक मोठे करण्याचे हत्यार) फिरवू नये, कारण दोन्हींमुळे छिद्रे बुजतात. पितळेची साधी नळी कापून बसवणे ही आपल्याकडची नेहमीची काटकसर आहे, परंतु तिला तेल धरता येत नाही. बसवताना पुढचे टोक शाफ्टच्या मापाचे आणि मागे खांदा असलेला दांडा वापरावा, म्हणजे भोक आक्रसत नाही.

एवढे करूनही गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार शाफ्टवर लोंबकळू दिला तर नवे बुश त्याच दिवशी फुटू शकते. क्लच प्लेट डमी शाफ्टने (क्लच शाफ्टच्या मापाच्या नकली दांड्याने) मध्यावर आणावी, गिअरबॉक्स जॅकवर तोलून धरावा, आणि तो अर्धा इंच बाहेर अडला तर बोल्टने ओढून न घेता मागे घेऊन पुन्हा सरळ रेषेत आणावा.