चामड्याच्या बॅगेचा पट्टा किती लांब कापावा?

बॅगेचा पट्टा ठरवताना दोन वेगवेगळी मापे काढावी लागतात. अंगावर घेतल्यावर बॅग कोठे टेकावी हे पहिले माप सांगते आणि कातड्याची पट्टी किती लांब कापायची हे दुसरे सांगते. या दोहोंत सहज वीस-पंचवीस सेंटीमीटरचा फरक पडतो. तयार तक्त्यांत बहुधा एकच आकडा दिलेला असतो आणि तो यांपैकी कोणता हे तेथे स्पष्ट केलेले नसते, म्हणून तक्त्याला केवळ अंदाजाची किंमत द्यावी.

पहिले माप दोरीने घ्यावे. न ताणणारी जाड सुती दोरी किंवा नाडी बॅगेच्या कड्यांतून ओवून बॅग अंगावर घ्यावी. बॅग अजून शिवलेली नसेल, तर तेवढ्याच आकाराची कापडी पिशवीही चालते, मात्र तिच्यात रोज जेवढे ओझे असते तेवढे भरावे, कारण रिकामी बॅग आणि पाण्याची बाटली, डबा, वह्या भरलेली बॅग एकाच उंचीवर लटकत नाहीत. ज्या कपड्यांवर बॅग वापरायची तेच घालून माप घ्यावे. थंडीच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसासाठी पट्टा करत असाल, तर जाड जॅकेटवरूनच मोजावे.

खांद्यावरून तिरक्या घेण्याच्या बॅगेचा वरचा काठ कमरेच्या हाडाच्या आसपास आला, म्हणजे चालताना ती मांडीवर आपटत नाही आणि हातही सहज आत जातो. कडीपासून कडीपर्यंतचे हे माप मध्यम उंचीच्या माणसाला साधारण 115 ते 130 सेंटीमीटर भरते. मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यासाठी मी ते थोडे आखूडच धरीन, कारण गर्दीत बॅग पुढे ओढून छातीशी धरावी लागते आणि लांब पट्ट्याची बॅग तेव्हा गुडघ्यांत येते.

आता कापायची लांबी. समजा, कडीपासून कडीपर्यंत 120 सेंटीमीटर हवे आहेत आणि दोन्ही टोकांना हुक लावायचे आहेत. एका हुकाची लांबी 5 सेंटीमीटर धरली, तर चामड्याच्या वाट्याला 110 उरतात. पट्टा बक्कलने लहान-मोठा करायचा असेल, तर त्याचे दोन तुकडे होतात. बक्कलचा आखूड तुकडा तयार मापाने 35 सेंटीमीटर ठेवला, तर भोकांच्या लांब तुकड्यात हुकाच्या घडीपासून मधल्या भोकापर्यंत 75 सेंटीमीटर यायला हवेत. साडेतीन सेंटीमीटरच्या अंतराने सात भोके पाडली, तर मधल्या भोकापुढे आणखी तीन भोके, म्हणजे 10.5 सेंटीमीटर, त्यापुढे शेपटीचे 9 आणि हुकाभोवती दुमडून शिवायचे 5, असा हा तुकडा 99.5 सेंटीमीटर होतो. आखूड तुकड्याला दोन्हीकडे दुमड लागते, म्हणून तो 45 सेंटीमीटर कापावा. एकूण चामडे लागले 144.5 सेंटीमीटर, आणि अंगावर मात्र पट्टा 120 सेंटीमीटरचाच. तीन मिलीमीटर जाडीचे चामडे दुमडताना घडीतही थोडे खर्ची पडते, म्हणून प्रत्येक घडीमागे अर्धा सेंटीमीटर जादा ठेवून दुमडायचा भाग रापीने, म्हणजे चामडे तासायच्या धारदार पात्याने, निम्मा पातळ करावा.

भोकांच्या अंतराचा हिशेब अनेकदा चुकीचा धरला जातो. पट्टा अडीच सेंटीमीटरने आखूड केला, तरी बॅग जेमतेम सव्वा सेंटीमीटर वर येते, कारण ती लांबी खांद्याच्या दोन्ही बाजूंना विभागली जाते. कमरेच्या पट्ट्याप्रमाणे एकेका इंचावर भोके पाडली, तर एक भोक बदलल्याचा फरक जाणवतही नाही. एकच बॅग घरातील दोघांनी वापरायची असेल, तर भोकांत साडेतीन ते चार सेंटीमीटरचे अंतर हवे.

खांद्यावर अडकवायच्या दोन मुठींच्या बॅगेचे गणित निराळे आहे. तेथे बॅगेच्या वरच्या काठापासून ताणलेल्या मुठीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची महत्त्वाची असते. हातात धरायच्या मुठीला 10 ते 13 सेंटीमीटर पुरतात, तर खांद्यावर चढवायला 23 ते 28 लागतात. मुठीची दोन टोके एकमेकांपासून 16 सेंटीमीटरवर शिवली असतील आणि उंची 25 हवी असेल, तर पायथागोरसच्या नियमाने मुठीची लांबी 52.5 सेंटीमीटर येते. पण हा हिशेब खिळ्यावर टांगलेल्या बॅगेचा झाला. खांद्यावर मूठ सात-आठ सेंटीमीटर सपाट पसरते. ते 8 सेंटीमीटर धरले, की लांबी 58.6 होते, आणि काठाखाली शिवण्यासाठी दोन्हीकडे पाच-पाच मिळवले, म्हणजे प्रत्येक मुठीला सुमारे 69 सेंटीमीटर चामडे लागते. तीच बॅग खिळ्याला लावून मोजली, तर उंची 28 भरेल. त्याने गोंधळून मूठ आखूड करू नये.

अशा मुठीची वरची मर्यादाही पाहावी. मुठीची उंची आणि बॅगेची उंची मिळून 60 सेंटीमीटरच्या पुढे गेली, तर मध्यम उंचीच्या माणसाने बॅग हातात धरून जिना चढताना तिचा तळ पायरीला लागतो. दोन्ही मुठी एकाच मापाच्या हव्यात, म्हणून पट्ट्या एकावर एक ठेवून एकदमच कापाव्यात.

दोर आत घालून गोल मूठ केल्यास ती सरळ शिवू नये. वाकवल्यावर बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात, त्यामुळे ती वळणातच चिकटवून शिवावी. आतला दोर 10 मिलीमीटरचा आणि चामडे 1.2 मिलीमीटरचे असेल, तर गुंडाळायला 35 आणि शिवणीला दोन्ही कडांना पाच-पाच, अशी 45 मिलीमीटर रुंद पट्टी घ्यावी. दोर चामड्यापेक्षा आखूड असावा, म्हणजे टोके चपटी राहून बॅगेवर नीट बसतात.

कातडे सगळीकडे सारखे ताणत नाही. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट असतो, पोटाचा सैल. म्हणून पट्टी कण्याला समांतर कापावी आणि पोटाकडचे चामडे पट्ट्याला वापरूच नये. बक्कल व हुक शिवून झाल्यावर पट्टा चार-पाच किलोच्या वजनासह रात्रभर टांगून ठेवावा, पुन्हा मोजावा आणि मगच भोके पाडावीत.

बकरीच्या कातड्यातून एवढी लांब पट्टी सलग निघत नाही. तेव्हा दोन थरांचा पट्टा करून मध्ये नायलॉनची फीत घालावी, दोन्ही थरांतले सांधे एकमेकांपासून किमान दहा-बारा सेंटीमीटर दूर ठेवावेत आणि कोणताही सांधा खांद्यावर न आणता बक्कलजवळ किंवा कडीजवळ घ्यावा.