राजकीय वादात रोखठोकपणाच्या नावाखाली होणाऱ्या चुका, या टाळा

टीव्हीवरच्या डिबेटला नावं ठेवणं सोपंय, पण तेच सगळं आपण सभेत, पॅनलवर, घरातल्या ग्रुपवर करतो आणि वर त्याला 'मी जरा रोखठोक आहे' असं गोंडस नाव देतो. मला विचाराल तर सभ्यतेचा आवाजाच्या पट्टीशी फार संबंध नाही, समोरच्याचं म्हणणं तुम्ही खरंच ऐकून त्यालाच उत्तर देताय का, एवढंच बघायचं. बाकीच्या चुका बहुतेक तिथूनच सुरू होतात.

सभ्य म्हणजे गुळमुळीत, असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी. एप्रिल १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग वर्णभेदाविरोधातल्या निदर्शनांमुळे अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते, तेव्हा तिथल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर पत्रक काढलं की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि वेळही चुकलीये. किंग यांनी उत्तर लिहिताना सुरुवातीलाच मान्य केलं की तुम्ही भल्या हेतूची माणसं आहात म्हणून मी शांतपणे उत्तर देतोय, आणि मग त्या 'थांबा, धीर धरा'ची पार शिवण उसवून ठेवली. शिवी एकही नाही आणि सवलत तर अजिबात नाही. हे जमायला अवघड आहे, म्हणून लोक दोनातलं सोपं काहीतरी निवडतात, एकतर आरडाओरडा नाहीतर 'दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे'.

आता याचं उलटं टोक पण बघा. ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये सहकारी सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही. जुलै २०२१ मध्ये खासदार डॉन बटलर पंतप्रधानांबद्दल असंच बोलल्या, शब्द मागे घेतले नाहीत आणि त्यांना त्या दिवसापुरतं सभागृहाबाहेर जावं लागलं. हा नियम मला अर्धाच पटतो. 'तुम्ही खोटारडे' हा माणसावरचा शिक्का झाला, पण 'हा आकडा चुकीचा आहे, हा घ्या अहवाल' हे तर म्हणायलाच हवं, आणि शिष्टाचाराच्या नावाखाली कोणी तेही बोलू देत नसेल तर सरळ समजा की तुम्हाला गप्प बसवलं जातंय.

हेतूवर घसरणं

'तुम्हाला पाकीट किती मिळालं?' हे वाक्य आलं की वाद संपला असं समजायचं. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानं १८७६ मध्ये सभा कशा चालवाव्यात याचे नियम छापले, त्यात हे फार नेमकं सांगितलंय, की एखाद्या प्रस्तावाच्या परिणामांवर हव्या तेवढ्या कडक शब्दांत तुटून पडा, पण तो मांडणाऱ्याच्या हेतूवर बोलायचं नाही. कारण साधं आहे, हेतू स्टेजवर सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, मग समोरचा उरलेला सगळा वेळ स्वतःची अब्रू वाचवण्यात घालवतो आणि मुद्दा राहतो बाजूला. हितसंबंध खरंच असतील तर? मग नोंद दाखवा. 'तुम्ही त्या कंपनीच्या बोर्डावर आहात, हे बोलण्याआधी सांगायला हवं होतं' यात काहीच असभ्य नाही.

अर्ध्या क्लिपवर निकाल देणं

जुलै २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अधिकारी शर्ली शेरॉड यांच्या भाषणाचा एक तुकडा पसरला. एका गोऱ्या शेतकऱ्याला मदत करताना आपण हात आखडता घेतला होता, असं त्या कृष्णवर्णीय बाई सांगतायत, एवढंच त्यात दिसत होतं. त्याच दिवशी त्यांचा राजीनामा घेतला गेला, आणि ज्या संघटनेच्या कार्यक्रमात भाषण झालं त्यांनीसुद्धा आधी निषेध करून टाकला. मग पूर्ण व्हिडिओ आला. त्यात त्या सांगत होत्या की ही खूप जुनी गोष्ट, त्यातून माझे डोळे उघडले, प्रश्न कातडीचा नाही गरिबीचा आहे, आणि शेवटी त्या माणसाची शेती वाचवायला मी धावपळ केली. त्या शेतकऱ्याच्या घरचेच पुढे येऊन म्हणाले की हिच्यामुळे आमची जमीन राहिली. मंत्र्यांनी माफी मागितली, दुसरी नोकरी देऊ केली, त्यांनी ती घेतली नाही.

यात क्लिप कापणारा सोडा, तो तर मुद्दामच कापणार, पण बाकीच्यांना पूर्ण भाषण मागवायला जमलं नसतं का? आपल्याला हवं तेच ऐकू आलं की तपासायची इच्छाच होत नाही. क्लिप बघून रक्त उसळलं की तेव्हाच पुढचं-मागचं शोधायचं, शेअर करून झाल्यावर नाही.

एकमेकांचं बोलणं तोडणं

२९ सप्टेंबर २०२० ची ट्रम्प-बायडन डिबेट आठवत असेल तर जास्त सांगायला नको, धड एक वाक्य पुरं होत नव्हतं. पुढच्या डिबेटला, २२ ऑक्टोबरला, प्रत्येक विषयाच्या सुरुवातीच्या दोन-दोन मिनिटांत दुसऱ्याचा माईक बंद ठेवला आणि ऐकू तरी यायला लागलं. माणसं तीच होती बरं का. म्हणजे गोंधळ दरवेळी संस्कारांचा नसतो, बऱ्याचदा तो फॉरमॅटचा असतो, आठ जणांना आठ चौकटीत बसवून 'हो की नाही एवढंच सांगा' म्हटल्यावर दुसरं काय होणार. तुमच्याकडे माईकचं बटण नसेल तर सूत्रसंचालकानं वेळ आधीच जाहीर करावी आणि पहिल्यांदा आपल्याच आवडत्या पाहुण्याला थांबवावं, मग बाकीचे गपगुमान ऐकतात.

आपल्या बाजूच्याला न अडवणं

विरोधकाला सभ्यता शिकवायला सगळे तयार, आपल्या माणसाला कोण सांगणार? ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी ओबामांविरुद्ध लढणाऱ्या जॉन मॅकेन यांच्या सभेत एक बाई उठून म्हणाल्या, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी मान हलवत माईक काढून घेतला आणि सांगितलं, नाही, ते सभ्य कुटुंबवत्सल माणूस आहेत, माझे त्यांच्याशी मूलभूत मतभेद आहेत इतकंच. त्याच सभेत ओबामांना घाबरायचं कारण नाही म्हटल्यावर त्यांच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. (अरब असणं आणि सभ्य असणं या काय विरुद्ध गोष्टी आहेत का, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं आणि ते बरोबरच होतं. पण निवडणूक तोंडावर असताना स्वतःच्या मतदाराला अडवायला छाती लागते.)

वाद घसरलाच तर

शिवी आली तर तिला उत्तर देऊ नका, 'ते राहू दे, आपण निधीबद्दल बोलत होतो' म्हणून परत रुळावर या. 'तेव्हा कुठे होतात?' आलं तर 'तेव्हाचंही चूकच, आता आत्ताचं बोला' एवढं पुरतं. आणि गाडी फारच अडकली तर समोरच्याचा मुद्दा तुमच्या शब्दांत मांडून विचारा, 'असंच म्हणताय ना?' तो हो म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका, निम्म्या वेळा कळतं की आपण भलत्याच गोष्टीवर भांडत होतो.

चूक तुमचीच निघाली तर 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे वाक्य कृपया नको, त्यात दोष ऐकणाऱ्याच्या कानावर ढकललेला असतो. जिथे बोललात तिथेच, पहिल्याच मिनिटात, 'मी सांगितलेला आकडा चुकीचा होता, बरोबर आकडा हा' म्हणा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळा, त्यावर पाच मिनिटं नम्रतेचं भाषण दिलंत तर परत चर्चा तुमच्याभोवतीच फिरत बसते.