आधी पाणी, मग खत, नांगर शेवटी: मृगाआधी छोट्या ट्रॅक्टरची कामं

ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दरवर्षी एकच घाई दिसते. वळवाची एखादी सर येऊन जाते, वरची माती जरा मऊ पडते आणि ज्याच्या दारात छोटा ट्रॅक्टर आहे तो कल्टी, म्हणजे फाळांचा कल्टिव्हेटर, जोडून उखळणीला लागतो. नांगरलेलं शेत लांबून दिसतं, काम झाल्याचं समाधान मिळतं. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. उखळणी चार दिवसांत उरकली आणि मग लक्षात आलं की शेणखत अजून उकिरड्यातच पडलंय. भरलेली ट्रॉली त्याच भुसभुशीत मातीवरून पंधरा वेळा तरी गेली असेल. चाकोरीखालची माती इतकी दाबली गेली की त्या पट्ट्यांतलं भात कापणीपर्यंत खुरटं राहिलं. बांधावर उभं राहिलं की ट्रॉली कुठून कुठे गेली ते पिकातच वाचता यायचं.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे आणि तुम्हालाही तोच सुचवतो. आधी पाण्याच्या वाटा, मग ट्रॉलीची सगळी कामं, आणि नांगर अगदी शेवटी. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागतात, मृग ७-८ जूनला. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आपल्याकडेही एखाद-दोन दिवसांचाच फरक. म्हणजे हाताशी जेमतेम तीन आठवडे आहेत, आणि त्यातले दोन-चार दिवस लग्नकार्यात जाणारच.

पाण्यापासून सुरुवात करू. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. डोंगराच्या अंगाला पायऱ्यांसारखी भातखाचरं असलेल्यांनी एकदा वरच्या टोकापासून खालपर्यंत चालत या. पाणी कुठून शिरतं, एका खाचरातून दुसऱ्यात कुठे उतरतं, शेवटी ओढ्याला कुठे मिळतं, हे पायांनी पाहायचं. भिवंडी-पडघ्याकडे गोदामांसाठी जे भराव झाले, नवे रस्ते आणि मोऱ्या झाल्या, त्यामुळे कित्येकांच्या शेतात पाणी येण्याची जागाच बदलली आहे. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असं धरून चालू नका.

चर साफ करायला ट्रॅक्टरच्या मागचं ब्लेड तिरकं लावलं की काम सोपं होतं. एका फेरीत चार बोटंच माती घ्या. जास्त खोल गेलात तर चराचा तळ सैल होतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात तो खणत जातो. चरातून निघालेला गाळ बाहेर फेकू नका, तो खाचरातलाच आहे, खाचरातच पसरा. वरच्या खाचरातून पाणी जिथे धबकन खाली पडतं तिथे मोठे दगड हाताने रचून ठेवा. हे काम यंत्राने नीट होत नाही.

बांध फुटला असेल तर तो एकदम ढीग ओतून भरू नये. मेमधली कोरडी माती एकमेकीला धरत नाही. वळवानंतरची ओलसर माती घ्या किंवा दोन हंडे पाणी शिंपडा, वीतभर थर टाका, धुम्मसाने ठोका, मग पुढचा थर. खेकड्यांची बिळंही याच वेळी शोधा. वरून बांध धडधाकट दिसतो, आत बीळ आरपार गेलेलं असतं आणि श्रावणात सगळं पाणी रातोरात खालच्या खाचरात उतरतं. बीळ कुदळीने पुरतं उकरून मग चिकणमातीने बुजवायचं. नुसतं तोंड बंद करून उपयोग नाही.

बांधाच्या किंवा नाल्याच्या कडेला ट्रॅक्टर किती जवळ न्यायचा, यासाठी एक माप लक्षात ठेवा. नाला जितका खोल, निदान तितकं अंतर कडेपासून राखायचं. पाच फूट खोल नाला असेल तर चाक पाच फुटांच्या आत जाता कामा नये. पाऊस पडून गेला असेल तर आणखी लांब. माती आतून सुटलेली असते, वर मात्र गवत हिरवंगार दिसतं. माझं मागचं चाक एका जुलैत असंच गेलं. ट्रॅक्टर कलला आणि आंब्याच्या खोडाला टेकला म्हणून उलटला नाही. तिथे आंबा नसता तर आज हे लिहायला मी नसतो. ज्यांच्या ट्रॅक्टरला सीटमागे संरक्षक कमान आहे त्यांनी ती उभी ठेवून सीटबेल्ट लावावा. कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र बेल्ट बांधू नये.

आता ट्रॉलीची कामं. यात खत सगळ्यात महत्त्वाचं. भाताला हेक्टरी १० टन शेणखत धरलं तर गुंठ्याला १०० किलो येतं. माझ्या २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे मी एक टनच भरतो, म्हणजे एका खेपेत १० गुंठे होतात आणि एकराला चार खेपा. शेतात ढीग टाकताना दोन्हीकडे पाच-पाच मीटरचं अंतर ठेवून प्रत्येक ठिकाणी २५ किलो, साधारण दोन-तीन घमेली, टाकली की हिशोब बरोबर बसतो. नाहीतर बांधाजवळ खतच खत आणि मधे काहीच नाही, असं होतं. ढीग पसरल्यावर उघडे ठेवू नका. ज्या दिवशी पसरलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मातीत मिसळलं पाहिजे. म्हणून ज्या खाचराची नांगरट उद्या करायची, त्याचंच खत आज न्यायचं.

खत भरताना आत पांढऱ्या, वाकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी आहे. असं खत तसंच शेतात गेलं की वरकसावरच्या, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीतल्या, नाचणी-वरीची मुळं ती खाते. खत पातळ पसरून कोंबड्या सोडा, दोन दिवसांत त्या निम्मं काम करतात. हाताला गरम लागणारं, शेणाचा वास येणारं कच्चं खत यंदा नेऊच नका, पुढच्या वर्षीसाठी झाकून ठेवा.

मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर मुरूम टाकायचा असेल तर तोही याच दिवसांत. मुरूम शेणखतासारखा हलका नाही. एक घनमीटर मुरूम दीड टनाच्या वर भरतो, म्हणून ट्रॉली शिगोशीग भरायची नाही. अर्धी ट्रॉली म्हणजे पूर्ण वजन. ब्लेडने पसरताना वाट मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरती ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तीच वाट ओढा होते. बाहेरून मुरूम आणत असाल तर गौण खनिजाचा परवाना तहसील कार्यालयातून आधी घ्या.

पेंढा आणि सरपण पावसाआधी घरी आणायचं असतं. पेंढ्याची ट्रॉली हलकी म्हणून लोक उंच रचतात आणि रानातल्या विजेच्या तारा उन्हाळ्यात आणखी लोंबलेल्या असतात. भाऱ्यांवर कुणीही बसायचं नाही. तारेखालून जायच्या आधी उतरून उंची पाहा.

वाटेतला बुंधा किंवा मोठा दगड ओढून काढायचा मोह होतो. साखळी फक्त खालच्या ओढपट्टीला, म्हणजे ड्रॉबारलाच लावा. वरच्या टॉप लिंकला किंवा सीटखाली कुठेही अडकवली की ओढ मागच्या आसाच्या वरून येते, पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकासकट मागे पालथा होतो. सावरायला एक सेकंदही मिळत नाही. बुंधा हलत नसेल तर भोवती खणा, मुळं तोडा, मग हळू ओढा. झटके देऊ नका. शेतातून वायूवाहिनी किंवा पाण्याची मोठी वाहिनी गेली असेल तर तिच्या खुणेच्या खांबांजवळ खणणं, बुंधे ओढणं पूर्ण टाळा.

रोटाव्हेटर किंवा गवत कापायचं यंत्र लावणाऱ्यांनो, पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या यंत्राला पोहोचवणारा, दांडा मिनिटाला ५४० वेळा फिरतो. म्हणजे सेकंदाला ९ फेरे. साधारण ७ सेंटिमीटर जाडीच्या दांड्यावर एका सेकंदात दोन मीटर कापड गुंडाळलं जातं, आपला खांद्यावरचा गमछा तेवढाच असतो. लुंगी, लुगड्याचा पदर, मोकळे केस, सगळंच यात येतं. दांड्यावरचं प्लास्टिकचं कवच फुटलं असेल तर नवीन बसवा, तोवर यंत्र लावू नका. पात्यात गवत अडकलं की पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, मगच हात घालायचा. आणि मडगार्डवर मुलांना बसवणं कायमचं बंद करा. आपल्याकडे ते लाडाने केलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

इतकं झाल्यावर मशागत. माती मुठीत घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आहे. गोळा चिकटून राहिला तर थांबा. ओल्या मातीत एक तास वाचवायला गेलात तर ढेकळं वर्षभर पुरतात. पाच-सात गुंठ्यांच्या खाचरात वळायला जागा कमी, म्हणून बांधाच्या पायथ्यापासून हातभर जागा सोडा. बांधाचं बूड कोरलं की तो कोसळतो. सोडलेली कड आणि कोपरे कुदळीनेच उखळावे लागतात, त्याला इलाज नाही. एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना बांधाला काटकोनात, सर्वात हळू गिअरमध्ये उतरा. उंच बांधाला मातीचा उतार करून घ्या, कल्टी लावलेली असेल तर चढताना मागे घेत चढा.

वरकस उताराचं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण तिथे दोन चांगले सल्ले एकमेकांशी भांडतात. माती वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवी नांगरट करा, असं आपण नेहमी ऐकतो, आणि ते खरंच आहे. पण उंच उतारावर आडवा चालणारा ट्रॅक्टर कुशीवर उलटतो, आणि अरुंद चाकांतरामुळे छोटा ट्रॅक्टर तर लवकरच. मग उभी नांगरट करायची का? तीही नको. पहिल्या मोठ्या सरीला प्रत्येक तास म्हणजे एक ओहोळ होतो. माझं मत सरळ आहे. सौम्य उतारावर आडवी नांगरट करा, चाकांतर पुढचं-मागचं जितकं रुंद होईल तितकं करून. जिथे आडवं चालताना आपला देह आपोआप एका बाजूला झुकतो, तिथे ट्रॅक्टर नेऊच नका. बैल असतील तर बैल, नाहीतर तो तुकडा गवताला सोडा किंवा काजू-आंब्याचे खड्डे घ्या. दोन पायली नाचणीसाठी तेवढा धोका घेण्यासारखा नाही.

राब भाजण्याबद्दल, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याबद्दल, थोडक्यात सांगतो. पालापाचोळा जाळण्याऐवजी ट्रॉलीने उकिरड्यावर टाका आणि रोपं गादीवाफ्यावर करा. एकराला चार गुंठे रोपवाटिका पुरते. तिची जागा वाटेजवळ, पाण्याजवळ निवडा, म्हणजे रोपांच्या मुठी (जुड्या) वाहून नेताना बायकांची पायपीट वाचते.

चिखलणीचा दिवस जुलैत येतो, पण चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं, म्हणजे केजव्हील, आत्ताच काढून पाहा. वाकलेल्या पट्ट्या, तुटलेले वेल्ड मेमध्ये दुरुस्त होतात, लावणीच्या गर्दीत वेल्डरकडे दोन दिवस थांबावं लागतं. खाचरात तीन-चार बोटं पाणी उभं असताना दोन फेऱ्या पुरतात, मग फळी फिरवून समतल करा. ट्रॅक्टर रुतला तर चाकाला लाकूड किंवा पहार बांधून बाहेर काढायची पद्धत गावोगाव आहे. ती सोडा. चाक फिरायचं अडलं की ट्रॅक्टरचं पुढचं तोंडच वर उठतं, तोच मागे पालथा होण्याचा प्रकार. अवजार काढा, चाकासमोरचा चिखल फावड्याने ओढा, आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ज्या दिशेने आत गेलात त्याच वाटेने मागे ओढून घ्या.

यंत्राची तपासणी एका सकाळीत होते. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केलंय का, वायर कुरतडल्यात का ते आधी पाहा. रेडिएटरच्या जाळीतलं गवत झाडा. सगळ्या निपलांना ग्रीस द्या. शेतात वळायला ब्रेकचे दोन पेडल सुटे लागतात, पण डांबरी रस्त्यावर आणि ट्रॉली जोडलेली असताना ते खिळीने एकत्र अडकवलेच पाहिजेत. कल्याण-मुरबाड रस्त्यावर रात्री ट्रॉली नेणार असाल तर मागे लाल परावर्तक आणि दिवे लावा, पावसात ट्रॉली दिसतच नाही. टाकीत डिझेल संध्याकाळीच भरून ठेवा, रात्री रिकाम्या टाकीत ओल धरते.

लावणी आटोपली की चिखल वाळायच्या आत चाकं, अवजारं आणि पीटीओचा दांडा धुऊन काढा, पुन्हा ग्रीस भरा, पात्यांना जुनं इंजिन ऑइल फासा. अवजारं जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात दसऱ्याच्या आसपास कापायला येईल, तोवर दर पंधरा दिवसांनी एकदा ट्रॅक्टर चालू करून चार पावलं पुढे-मागे घ्या.