पहिल्याच चेंडूला बॅट फिरवणाऱ्या ओपनरांनो, या चुका टाळा

दर मे महिन्यात नेट्सवर पाच-सहा नवी पोरं येतात. कुठे खेळतोस विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, मी ॲग्रेसिव्ह ओपनर." वय चौदा. सीझन बॉलला बॅट लागून झालेत तीन महिने.

पहिली चूक, जिने माझं डोकं सर्वांत जास्त उठतं: "सेहवाग कुठे पाय हलवायचा?" अरे बाबा, त्याचे पाय बघितलेस, डोकं बघितलंस का? चेंडू बॅटवर येईपर्यंत ते एका जागी स्थिर असायचं. तुमचे पाय हलत नाहीत आणि डोकं मात्र ऑफला लोंबतं, म्हणून चेंडू बॅट-पॅडमधून थेट दांडीवर. शिवाय त्याच्या खेळाचे तुम्ही बघता फक्त हायलाइट्स. त्यात सोडलेला चेंडू दाखवत नाहीत. 2008 मध्ये ॲडलेडला संघ अडचणीत असताना याच माणसाने 236 चेंडूंत 151 काढून कसोटी वाचवली. त्याच वर्षी चेन्नईत 304 चेंडूंत 319. दोन्ही डाव एकाच डोक्यातून आलेत. त्याला गिअर दोन होते. तुमच्याकडे एकच, तोही टॉप.

आता माझीच फजिती सांगतो. मी एकोणीस वर्षांचा, कांगा लीग, आझाद मैदान. ज्यांना ही लीग माहीत नाही त्यांच्यासाठी: भर पावसाळ्यात खेळतात, खेळपट्टी ओली. आदल्या रविवारी मॅटवर साठ काढलेले, त्यामुळे अंगात वारं. समोर पोट सुटलेला मध्यमगती बोलर. दुसऱ्याच चेंडूला पुढे सरसावलो. चेंडू टप्पा पडून चिकटला, थांबून आला. माझी बॅट कधीच फिरून गेलेली. मिडऑफला लोणी कॅच. दुसऱ्या टोकाला आमचा चाळिशीचा ओपनर, बँकेत नोकरी, पॅडचा एक पट्टा सुतळीने बांधलेला. त्याने 31 काढले, त्यात दोन उंच षटकार त्याच बोलरला. दोन्ही वेळा तो क्रीझमध्येच उभा राहिला, चेंडू येऊ दिला, मग मारला. चहाच्या वेळी माझ्याकडे न बघता म्हणाला, "बॉल यायच्या आधी तू जाऊन आलास." मी किटबॅगवर बसून वडापाव खात होतो. तो घशातच अडकला.

तेव्हापासूनची माझी सवय आहे, तिला शास्त्र वगैरे म्हणू नका. नव्या पोराला पहिले तीस चेंडू बॅटशिवाय उभा करतो. मी टाकणार, त्याने फक्त ओरडायचं: "पुढे", "मागे" किंवा "सोड". ओरडायला उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून. निम्मी पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. बरंच आहे, नेट्समध्ये गर्दी कमी.

दुसरी चूक करिअरची. "मी जन्मजात ओपनर." सेहवागने कसोटी पदार्पणात, 2001 मध्ये ब्लूमफाँटेनला, शतक केलं ते सहाव्या क्रमांकावर. बोरिवलीत घडलेला रोहित शर्मा 2007 पासून भारताकडून खेळत होता. वनडेत कायमचा ओपनर झाला 2013 मध्ये आणि कसोटीत सलामीला आला थेट 2019 मध्ये. विशाखापट्टणमला पहिल्याच सामन्यात 176 आणि 127. सचिनच्या ऑकलंडच्या 49 चेंडूंतल्या 82 धावा सगळ्यांना पाठ आहेत. ती वनडेतली त्याची पहिली सलामी होती, पण त्याआधी चार वर्षांहून जास्त आंतरराष्ट्रीय क्रिकेट अंगावर घेतलेलं होतं, हे कोण सांगणार? तेव्हा अंडर-16 ला पाचव्या नंबरवर पाठवलं म्हणून रुसू नका. जुना बॉल मारायलाही अक्कल लागते.

तिसरी: फटका फसला की तो कायमचा कपाटात. 2003 मध्ये मेलबर्नला सेहवाग 195 वर षटकार मारायला गेला आणि बाद झाला. तीनच महिन्यांनी मुलतानला 295 वर पाकिस्तानच्या ऑफस्पिनर सकलैनला पुढे येऊन षटकार, भारताचं पहिलं कसोटी त्रिशतक. घाबरून फटका टाकून देणारा पोरगा मला नेट्स सोडून जाणाऱ्यापेक्षाही नको असतो. फटका तोच ठेवा, चेंडू नीट निवडा.

बाकी किरकोळ. जड बॅट घेऊ नका, मनगट आधी दमतं. नॉन-स्ट्रायकरला उभे असताना बोलरचा हात बघा, स्कोअरबोर्ड नंतर. रविवारी बॉक्स क्रिकेट खेळून सोमवारी नेट्सला येऊ नका, माझा सोमवार खराब करता. पहिल्या ओव्हरला धाव चोरताना हाक मोठ्याने मारा, पार्टनर बहिरा आहे असं समजून.

आणि पालकांनो, तो मोबाइल खिशात ठेवा. बोलर रनअपला निघालेला असतो आणि तुमचा मुलगा साइटस्क्रीनशेजारी तुम्ही नीट शूट करताय ना, ते बघत असतो.