फ्रीज ५ अंश दाखवत होता, तरी इंजेक्शनं गोठली

केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला देतात ते फिलग्रॅस्टिम आमच्या रुग्णालयाच्या फार्मसीत साध्या घरगुती फ्रीजमध्ये असायचं. नियम २ ते ८ अंशांचा. दारातला थर्मामीटर रोज ५ दाखवायचा, आम्ही वहीत ५ लिहायचो. एका सकाळी मागच्या भिंतीला टेकलेल्या खोक्यातल्या सिरिंजमध्ये बर्फाचे कण दिसले.

दोन दिवस डेटा लॉगर, म्हणजे तापमान सतत नोंदवणारं यंत्र, मागे ठेवून पाहिला. रात्री दार उघडत नाही तेव्हा तिथलं तापमान शून्याखाली! दारातला आकडा फक्त दाराचाच होता.

गोठलेला माल ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून बाजूला काढला, कंपनीला कळवलं. बाकीची खोकी मधल्या कप्प्यात, भिंतीपासून चार बोटं लांब. भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या, लाइट गेली तरी गारवा टिकतो. लॉगरचा सेन्सर आता औषधांच्या मधोमध. स्टाफचे डबे बाहेर काढले. खरं भांडण त्यावरूनच झालं.

त्याच आठवड्यात नवा मुलगा हे इंजेक्शन सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, मिसळायला निघाला होता. पातळ करायचंच तर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्यात. सलाइनमध्ये साका धरू शकतो. जोरात हलवायचंही नाही. कप्प्यावर लाल शाईने लिहून टाकलं.